रात्री लिहिणारा काझी

स्पेनची सहल करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींच्या कार्यक्रमपत्रिकेत कोर्दोबा या शहराच्या वाट्याला बहुधा तीन-चार तास येतात. सकाळी माद्रिद सोडायचे, दुपारी कोर्दोबाची जुनी मशीद पाहायची, यहुदी मोहल्ल्यातल्या पांढऱ्या भिंतींवर टांगलेल्या कुंड्यांची छायाचित्रे काढायची, जेवायचे आणि मुक्कामाला सेव्हिल गाठायचे. या घाईत शहराच्या जुन्या तटाशी एक दगडी पुतळा लागतो. पायघोळ अंगरखा घातलेला, हाती ग्रंथ धरून बसलेला एक गृहस्थ. वाटाड्या त्याचे नाव सांगतो, नावापुढे तत्त्वज्ञ असा शब्द जोडतो आणि घोळका पुढे सरकतो.

हा गृहस्थ म्हणजे इब्न रश्द. जन्म ११२६, मृत्यू ११९८. युरोपने आपल्या जिभेला सोयीचे व्हावे म्हणून त्याच्या नावाचे अव्हेरोस करून टाकले. व्यवसायाने तो काझी, म्हणजे न्यायाधीश. शिवाय वैद्य. आणि या दोन्ही कामांतून वेळ उरेल तेव्हा ॲरिस्टॉटलचा भाष्यकार. त्या उरलेल्या वेळातल्या कामानेच त्याला हा पुतळा मिळवून दिला आहे.

मी बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली आणि त्या नोकरीच्या कडेकडेने कादंबऱ्या लिहिल्या. दिवसा कचेरी आणि रात्री लेखन अशी दुहेरी गिरणी चालवणाऱ्या माणसांबद्दल त्यामुळे मला आपलेपणा वाटतो. इब्न रश्दाबद्दल पहिल्यांदा वाचले ते एका गोष्टीमुळे. त्याचे जुने चरित्रकार सांगतात की, जाणता झाल्यापासून उभ्या आयुष्यात दोनच रात्री तो वाचन-लेखनावाचून झोपला. एक वडील वारले ती आणि दुसरी स्वतःच्या लग्नाची. निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी स्पेनला जायचे ठरवले, तेव्हा कोर्दोबात दोन रात्रींचा मुक्काम ठेवण्याचा माझा आग्रह होता आणि कारण म्हणून ही गोष्ट मी पत्नीला सांगितली. तिने एवढेच विचारले की, मग त्या घरातले बाकीचे सगळे कोण बघत होते. या प्रश्नाकडे पुढे येऊच.

माद्रिदहून कोर्दोबाला वेगवान आगगाडीने दोन तासही लागत नाहीत. ही गाडी १९९२ साली सुरू झाली. शहर ग्वादलकिवीर नदीच्या काठी आहे. नदीवर रोमनांच्या काळापासूनचा पूल आहे आणि पुलाच्या टोकाशी, जुन्या गावाच्या कडेला, ती प्रसिद्ध मशीद. तिचे बांधकाम ७८५ च्या सुमारास पहिल्या अब्द-अर-रहमानने सुरू केले आणि पुढच्या दोन शतकांत ती वाढत गेली. आत शिरल्यावर आधी डोळ्यांना अंधार जाणवतो, मग खांबच खांब दिसू लागतात. आज त्यातले ८५६ उभे आहेत. पुष्कळसे खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले. ते उंचीला कमी पडत होते, म्हणून कारागिरांनी एका कमानीवर दुसरी कमान चढवली आणि छत वर उचलले. तांबड्या विटा आणि फिकट दगड यांच्या आलटून पालटून बसवलेल्या त्या दुहेरी कमानी म्हणजेच आज कोर्दोबाची ओळख. १२३६ मध्ये कास्तीलच्या तिसऱ्या फर्नांदोने शहर घेतले आणि मशिदीचे कॅथीड्रल झाले. १५२३ पासून तर खांबांच्या या अरण्याच्या मधोमध एक उंच चर्च उभारण्यात आले. पर्यटक तिथे वर बघत उभे राहतात. मी मात्र खाली, खांबांच्या पायथ्याशी बघत होतो, कारण इब्न रश्दाचे आजोबा या मशिदीचे इमाम होते.

आजोबांचे नावही इब्न रश्दच. ते कोर्दोबाचे मुख्य काझी आणि कायद्याचे नावाजलेले पंडित. नातू जन्मला त्याच वर्षी, ११२६ मध्ये, आजोबा वारले. पुढे दोघांत घोटाळा होऊ नये म्हणून लोक याला नातू इब्न रश्द म्हणू लागले. वडीलही काझी. म्हणजे घरात तिसऱ्या पिढीची न्यायाधीशी. अशा घरातल्या मुलाचे आयुष्य जन्माआधीच आखलेले असते. त्याने कायदा, धर्मशास्त्र, वैद्यक हे सगळे रीतसर शिकून घेतले आणि त्याच्या जोडीला ग्रीक तत्त्वज्ञानाची गोडी लावून घेतली. ही शेवटची गोष्ट मात्र घरच्या आखणीत बसणारी नव्हती.

तो बावीस वर्षांचा असताना शहराची सत्ता बदलली. मोरोक्कोतून आलेल्या अल्मोहद घराण्याने ११४८ मध्ये कोर्दोबा घेतले. हे लोक धर्माच्या बाबतीत कडक. यहुदी आणि ख्रिस्ती प्रजेपुढे त्यांनी धर्मांतर करा नाहीतर निघून जा, असे दोनच पर्याय ठेवले. निघून जाणाऱ्यांत एक यहुदी कुटुंब होते आणि त्यात दहा-बारा वर्षांचा एक मुलगा होता. तो पुढे इजिप्तमध्ये मोठा वैद्य आणि धर्मपंडित झाला, मायमोनिडीस. त्याचाही पुतळा कोर्दोबातच आहे, यहुदी मोहल्ल्यातल्या एका लहानशा चौकात. इब्न रश्दाच्या पुतळ्यापासून तिथे पायी जायला काही मिनिटे पुरतात. एकाच गावात जन्मलेले हे दोघे. एकाला ज्या राजवटीने घराबाहेर काढले, तिच्याच नोकरीत दुसऱ्याने आयुष्य घालवले. हे आठवणीत ठेवायला हवे, कारण या दोघांची गाठ पुढे पडणार आहे.

अल्मोहदांची राजधानी मराकेश, म्हणजे समुद्रापलीकडे आफ्रिकेत. ११५३ मध्ये सत्तावीस वर्षांचा इब्न रश्द तिथे होता आणि आकाशाचे वेध घेत होता. तिथे त्याने दक्षिणेला क्षितिजाच्या जरा वर एक तेजस्वी तारा पाहिला. अरब त्याला सुहैल म्हणतात. आपण त्याला अगस्त्य म्हणतो. आपल्याकडे हिवाळ्याच्या रात्री कुणीही सहज अगस्त्य दाखवील. कोर्दोबातून मात्र तो दिसत नाही, क्षितिजाखालीच राहतो. दक्षिणेला सरकले की जो तारा वर येतो, तो पृथ्वी गोल असल्याचीच साक्ष देतो, हा ॲरिस्टॉटलचा युक्तिवाद त्याला असा स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहता आला. त्याच सुमारास, ११५० मध्ये, आपल्याकडे भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी पुरा केला होता. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही. आकाश तेवढे दोघांच्या डोक्यावर एकच होते.

त्याच्या आयुष्याला वळण लागले ते ११६८-६९ च्या सुमारास. खलिफा अबू याकूब यूसुफ याला विद्येचा षौक होता. त्याचा राजवैद्य इब्न तुफैल हा स्वतः तत्त्वज्ञ. त्याने इब्न रश्दाला दरबारात नेऊन भेटवले. नाव-गाव विचारून झाल्यावर खलिफाने एकदम विचारले की, आकाश हे अनादि आहे की निर्माण केलेले, याबद्दल तत्त्ववेत्त्यांचे मत काय. प्रश्न साधा नव्हता. चुकीच्या तोंडी गेलेल्या उत्तराने माणूस पाखंडी ठरू शकत होता. इब्न रश्द घाबरला आणि आपला तत्त्वज्ञानाशी काही संबंध नाही असे सांगून मोकळा झाला. तेव्हा खलिफा इब्न तुफैलकडे वळून त्याच विषयावर स्वतःच बोलू लागला. ॲरिस्टॉटल, प्लेटो, त्यांच्यावरचे आक्षेप, सगळे त्याला पाठ होते. ते ऐकल्यावर इब्न रश्दाची भीड चेपली आणि तोही बोलू लागला. निघताना त्याला पैसे, मानाची वस्त्रे आणि बसायला जनावर मिळाले.

काही दिवसांनी इब्न तुफैलने त्याला बोलावले. ॲरिस्टॉटलचे अरबी अनुवाद फार दुर्बोध आहेत, कुणीतरी ते उकलून सांगावेत, अशी खलिफाची इच्छा होती. इब्न तुफैलचे वय झाले होते, शिवाय त्याला दरबाराची कामे. त्याने हे काम धाकट्या मित्राकडे सोपवले. इब्न रश्दाची भाष्ये या भेटीतून सुरू झाली अशी परंपरा आहे. काम राजाने दिलेले, तेव्हा राजाचे छत्रही डोक्यावर होते.

मात्र काम दिले म्हणून नोकरीतून सूट मिळाली नाही. ११६९ मध्ये त्याची सेव्हिलला काझी म्हणून नेमणूक झाली. दोन वर्षांनी कोर्दोबा. ११७९ मध्ये पुन्हा सेव्हिल. ११८२ मध्ये मराकेशला राजवैद्य आणि मग कोर्दोबाचे मुख्य काझीपद, जे एकेकाळी आजोबांकडे होते. आज कोर्दोबाहून सेव्हिलला आगगाडी पाऊण तासात पोहोचवते. त्या वेळी बदली म्हणजे घोड्या-खेचरांवरचा संसार. सेव्हिलमध्ये लिहिलेल्या एका भाष्याच्या शेवटी त्याने वाचकांची क्षमा मागितली आहे. सार्वजनिक कामांचा व्याप आहे आणि ग्रंथ सगळे मागे कोर्दोबाच्या घरी राहिले आहेत, तेव्हा काही उणे राहिले असल्यास सांभाळून घ्या, अशा अर्थाचे ते निवेदन आहे.

हे वाचून मी थबकलो होतो. माझ्या नऊ बदल्या झाल्या. प्रत्येक वेळी पुस्तकांच्या पेट्या मागे कुठेतरी, कुणाच्या तरी माळ्यावर राहायच्या आणि नव्या गावात एका खोलीत रात्री लिहायला बसले की, नेमके हवे ते पुस्तक दुसऱ्या जिल्ह्यात असायचे. माझ्या कादंबऱ्या कुठे आणि ॲरिस्टॉटलवरचे भाष्य कुठे. पण साडेआठशे वर्षांपूर्वीच्या एका काझीलाही हीच अडचण होती, हे कळल्यावर माणसाला बरे वाटते.

त्या रात्रींतून काय निघाले ते पाहिले की मन चकित होते. ॲरिस्टॉटलच्या बहुतेक सगळ्या ग्रंथांवर त्याने भाष्ये लिहिली, आणि तीही तीन प्रकारची. लघु भाष्यात विषयाचा सारांश. मध्यम भाष्यात आशय आपल्या शब्दांत उलगडून सांगितलेला. बृहत् भाष्यात मूळ ग्रंथातले वाक्य घ्यायचे, त्याचा अर्थ लावायचा, आधीच्या टीकाकारांचे म्हणणे तपासायचे आणि मग पुढच्या वाक्याकडे वळायचे. आपल्या शास्त्रीमंडळींना ही पद्धत लगेच ओळखीची वाटेल. बृहत् भाष्ये त्याने पाच ग्रंथांवर लिहिली. त्याला ग्रीक येत नव्हते. जुने अरबी अनुवाद समोर ठेवून, एकाशी दुसरा ताडून, तो अर्थापर्यंत पोहोचत असे. कुठे कुठे पोहोचणे शक्यच नव्हते. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रात शोकनाट्य आणि सुखनाट्य यांची चर्चा आहे, आणि इब्न रश्दाच्या जगात रंगभूमीच नव्हती. त्याने एकाचा अर्थ स्तुतिकाव्य आणि दुसऱ्याचा उपहासकाव्य असा लावला. ज्या माणसाने कधी नाटक पाहिले नाही, त्याने नाटकाच्या शास्त्रावर लिहायचे, यात गंमत आहे. तितकीच चिकाटीही आहे.

याशिवाय त्याने वैद्यकाच्या मूलतत्त्वांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या वैद्यांनी शतकानुशतके वापरला. कायद्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात निरनिराळ्या पंथांचे कायदेपंडित कुठे एकमेकांशी असहमत आहेत हे सांगून थांबायचे नाही, तर ते का असहमत आहेत याचे कारण द्यायचे, अशी मांडणी आहे. खुर्चीत बसून रोज दोन बाजू ऐकणाऱ्या माणसाचे ते पुस्तक आहे, आणि आजही ते अभ्यासले जाते.

आता पत्नीच्या प्रश्नाकडे येतो. ॲरिस्टॉटलचे राजनीतीवरचे पुस्तक इब्न रश्दाला मिळाले नाही, म्हणून त्याने त्याऐवजी प्लेटोच्या रिपब्लिकवर भाष्य केले. त्यात तो आपल्या काळातल्या शहरांबद्दल लिहितो. त्याचे म्हणणे असे की, इथे स्त्रियांची योग्यता कुणाला कळतच नाही, कारण त्यांना मुले जन्माला घालणे, वाढवणे आणि नवऱ्याची सेवा करणे यापलीकडे काही करू दिले जात नाही. त्यामुळे त्या झाडाझुडपांसारख्या जगतात, आणि या शहरांच्या दारिद्र्याचे हे एक कारण आहे. बाराव्या शतकातल्या एका काझीने हे लिहिले आहे. कोर्दोबात संध्याकाळी साल्मोरेखो नावाचे टोमॅटो-पावाचे थंडगार दाट सूप पुढे ठेवून मी हे पत्नीला सांगितले. तिने त्याला अर्धी माफी दिली. उरलेली अर्धी, त्याने आपल्या घरात यातले काय आचरणात आणले ते कळल्यावर.

इब्न रश्दाचा सर्वांत गाजलेला वाद झाला तो एका मृत माणसाशी. खोरासानच्या तूस गावचा गझाली हा फार मोठा धर्मपंडित. त्याने तत्त्ववेत्त्यांची विसंगती दाखवणारा एक ग्रंथ लिहिला होता आणि तत्त्वज्ञांची काही मते धर्मद्रोही ठरवली होती. गझाली ११११ मध्ये वारला, म्हणजे इब्न रश्दाच्या जन्माआधी. इब्न रश्दाने ११८० च्या सुमारास त्याला उत्तर दिले, आणि उत्तराच्या ग्रंथाला विसंगतीची विसंगती असे नाव ठेवले. त्यात गझालीचा उतारा आधी जसाच्या तसा देतो आणि मग त्याचा प्रतिवाद करतो. आपल्या परिभाषेत आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही काझीची शिस्त त्याने तत्त्वज्ञानातही पाळली. दुसऱ्या एका छोट्या प्रबंधात त्याने असे प्रतिपादन केले की, ज्याची तेवढी कुवत आहे त्याने तत्त्वविचार करणे हे धर्माला धरूनच आहे. दोन्ही वाटांनी गवसणारे सत्य एकमेकांच्या विरोधात जाऊ शकत नाही.

याच कोर्दोबात ११०९ मध्ये तत्कालीन अल्मोराविद राज्यकर्त्यांच्या हुकमाने गझालीचा मुख्य ग्रंथ जाळण्यात आला होता. त्याच्याही आधी, दहाव्या शतकाच्या अखेरीस, अल-मन्सूर या सत्ताधीशाने धर्मपंडितांना खूश करण्यासाठी राजग्रंथालयातली तत्त्वज्ञानाची पुस्तके जाळली होती. म्हणजे या गावाला हा धूर नवा नव्हता.

सेव्हिलला जाणारा प्रत्येक पर्यटक हिराल्दा नावाचा उंच मनोरा पाहतो. तो मनोरा म्हणजे मुळात मशिदीचा मिनार. ११८४ मध्ये तो बांधायला घेतला तो इब्न रश्दाला दरबारी बोलावणाऱ्या खलिफा अबू याकूबने. त्याच वर्षी तो लढाईवर गेला असता मरण पावला. ११९८ मध्ये मिनार पुरा केला तो त्याच्या मुलाने, खलिफा याकूब अल-मन्सूरने. बापाने इब्न रश्दाला लिहायला सांगितले होते. मुलाने ते लेखन जाळले.

मुलानेही सुरुवातीची दहा-अकरा वर्षे त्याला मानाने वागवले. मग ११९५ मध्ये चक्रे फिरली. त्या वर्षी खलिफाची कास्तीलच्या ख्रिस्ती राजाशी मोठी लढाई झाली. युद्धाच्या दिवसांत त्याला धर्मपंडितांची आणि त्यांच्यामागे असलेल्या लोकांची साथ हवी होती, आणि त्या पंडितांना हा तत्त्वज्ञ काझी डोळ्यांत सलत होता, असे इतिहासकार सांगतात. जुन्या बखरकारांनी आणखी एक कारण नोंदवले आहे. प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात जिराफाचे वर्णन करताना, हा प्राणी आपण बर्बरांच्या राजाकडे पाहिला, असे त्याने बिरुदावली वगैरे न लावता लिहिले होते म्हणे. खलिफाला तो अपमान वाटला. नकलणाऱ्याने अक्षरे चुकीची वाचली, मूळ शब्द दोन भूमींचा राजा असा होता, अशी सारवासारव नंतर झाली. नोकरीत वरिष्ठांची मर्जी गेली की जुनी कागदपत्रे उकरून शब्द शोधले जातात, हे कुठल्याही कचेरीत दिवस काढलेल्या माणसाला सांगायला नको.

त्याची चौकशी झाली. मते धर्मबाह्य ठरली. ग्रंथ जाळण्याचे हुकूम सुटले. वैद्यक, गणित आणि नमाजाच्या वेळा ठरवण्यापुरते ज्योतिष एवढ्याला सूट मिळाली. त्याला कोर्दोबाच्या दक्षिणेला लुसेना या गावी पाठवून देण्यात आले. एकेकाळी ते यहुद्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. तो मुळात त्यांच्यातलाच, अशा कंड्याही शत्रूंनी पिकवल्या. वय वर्षे एकोणसत्तर.

पण या सगळ्या काळात त्याला सर्वांत जास्त लागली ती गोष्ट निराळीच होती. तो आणि त्याचा मुलगा तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला कोर्दोबातल्या एका मशिदीत गेले असता काही टवाळ लोकांनी दंगा करून दोघांना बाहेर हाकलले. ग्रंथ जाळले त्याचे दुःख त्याने कुठे बोलून दाखवल्याचे जुन्या चरित्रांत येत नाही. हे दुःख मात्र येते. मोठ्या मशिदीतल्या त्या खांबांमधून हिंडताना माझ्या डोक्यात हेच घोळत होते. आजोबा या शहरात इमाम. स्वतः इथला मुख्य काझी. आपले वजन त्याने स्वतःसाठी न वापरता गावच्या लोकांसाठी वापरले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. आणि त्याच गावच्या लोकांनी मुलादेखत म्हाताऱ्याला प्रार्थनेच्या रांगेतून उठवले.

तीन-एक वर्षांनी खलिफाचा राग निवळला. इब्न रश्दाला पुन्हा मराकेशला बोलावून घेतले, मानही परत मिळाला. पण उपभोगायला वेळ उरला नव्हता. डिसेंबर ११९८ मध्ये तो मराकेशलाच वारला. पुढच्या वर्षाच्या आरंभी खलिफाही गेला.

आधी त्याचे दफन मराकेशला झाले. तीन महिन्यांनी त्याचा देह कोर्दोबाला, घराण्याच्या दफनभूमीत नेण्यात आला. निघताना जी तयारी झाली ती पाहायला इब्न अरबी नावाचा तेहेतीस-चौतीस वर्षांचा सूफी तिथे दोन स्नेह्यांसह उभा होता. हा इब्न अरबीही पुढे जगप्रसिद्ध झाला आणि त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले. ओझ्याच्या जनावराच्या एका अंगाला शवपेटी बांधली होती. एकाच बाजूला वजन झाले तर जनावर चालायचे नाही, म्हणून दुसऱ्या अंगाला तोल सांभाळायला इब्न रश्दाने लिहिलेले ग्रंथ बांधले होते.

माझा उभा जन्म जमा आणि नावे या दोन बाजू जुळवण्यात गेला. पण असा ताळेबंद मी दुसरा पाहिलेला नाही.

वाचकाला वाटेल, गोष्ट इथे संपली. राजाने दिलेले संरक्षण राजाच्या मुलाने काढून घेतले. गावानेही पाठ फिरवली, आणि त्याच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी ते गावच दुसऱ्यांच्या हाती गेले. पर्यटकाला दाखवण्याजोगी त्याची कबर आज तिथे नाही. इंद्रायणीने तुकोबांच्या वह्या परत दिल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आगीकडून असे काही परत मिळत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. इब्न रश्दाच्या वाट्याला घराण्याच्या आणि राज्याच्या आश्रयाने चालणारा असा मठ आला नाही.

त्याला आश्रय मिळाला तो परक्यांचा. कोर्दोबातून लहानपणी हाकलला गेलेला मायमोनिडीस आता इजिप्तमध्ये म्हातारा झाला होता. त्याच्या ग्रंथाचा हिब्रू अनुवाद करणाऱ्या, दक्षिण फ्रान्समधल्या एका यहुदी पंडिताने त्याला सल्ला विचारला, तेव्हा ॲरिस्टॉटल समजून घ्यायचा तर इब्न रश्दाची भाष्ये वाचावीत, असे त्याने कळवले. आपल्याला देशोधडीला लावणाऱ्या राजवटीचा हा काझी, असा हिशेब त्याने मांडला नाही. दक्षिण फ्रान्सच्या यहुदी अनुवादकांनी ती भाष्ये एकामागून एक हिब्रूत नेली. तिकडे १२१७ मध्ये तोलेदोत असलेला आणि पुढे सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारी गेलेला मायकेल स्कॉट याने त्यातली अनेक लॅटिनमध्ये उतरवली. इब्न रश्दाच्या मृत्यूला पन्नास वर्षे व्हायच्या आतच ती पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या हातांत होती.

तिथेही स्वागत आणि विरोध दोन्ही झाले. थॉमस अक्विनासने त्याच्या मतांविरुद्ध लिहिले, पण त्याचा उल्लेख करताना नुसते भाष्यकार म्हटले. नाव घेण्याची गरज नव्हती. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ मतांवर बंदी घातली, त्यातली कित्येक त्याच्या अनुयायांची होती. दान्तेने आपल्या महाकाव्यात त्याला थोर पण ख्रिस्ती नसलेल्या माणसांच्या जागी बसवले. मुद्रण आल्यावर १५५०-५२ मध्ये व्हेनिसला ॲरिस्टॉटल छापला गेला तो या भाष्यांसह. आत्म्यावरच्या ग्रंथाचे त्याचे बृहत् भाष्य आज अरबीत पूर्ण मिळत नाही. ते आहे लॅटिनमध्ये. स्त्रियांबद्दल ज्यात लिहिले, ते प्लेटोवरचे भाष्यही अरबीत नाही. ते हिब्रू अनुवादामुळे वाचले. त्याचा मूळ शब्द हरवला आणि अर्थ दुसऱ्यांच्या भाषांत सुखरूप राहिला.

बँकेत कर्ज देताना आम्ही तारण बघत असू. घर, जमीन, सोने, जामीनदार. लिहिणाऱ्या माणसाच्या कामाला काय तारण असते, हा प्रश्न निवृत्तीनंतर मला अधूनमधून पडतो. इब्न रश्दाकडे राजा, पद, घराणे, गाव असे सगळेच होते, आणि ऐन वेळी यातले काहीच उपयोगी पडले नाही. उपयोगी पडला तो कुठल्याशा दूरच्या गावात दिव्यापाशी बसून त्याची पाने आपल्या लिपीत उतरवणारा अनोळखी माणूस. तो त्याच्या धर्माचा नव्हता. त्याची भाषाही त्याला येत नव्हती.

एक शेवटची गोष्ट कोकण-गोव्यातल्या वाचकांसाठी. १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनिअसने जगभरच्या वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा फळझाडांच्या एका कुळीला त्याने इब्न रश्दाच्या लॅटिन नावावरून अव्हेरोआ असे नाव ठेवले. या कुळीतले एक झाड म्हणजे आपले करंबळ. ज्याच्या आडव्या फोडी चांदणीसारख्या दिसतात ते आंबट-गोड फळ. पोर्तुगीजांनी त्याचे कारांबोला हे नाव मराठीवरूनच उचलले, असे कोशकार सांगतात. दुसरे झाड म्हणजे बिलिंबी, जिला गोव्याकडे बिंबली म्हणतात. कोकणातल्या एका शाखेत असताना आमच्या बिऱ्हाडामागे बिलिंबीचे झाड होते. खोडालाच लगडलेली ती हिरवी आंबट फळे पत्नी मिठात घालून ठेवायची, आमटीत टाकायची, शेजाऱ्यांना वाटायची. मी मागच्या खोलीत रात्री दिवा लावून लिहीत बसायचो तेव्हा ते झाड खिडकीतून दिसायचे. त्याच्या शास्त्रीय नावात रात्री लिहिणारा एक काझी दडलेला आहे, हे आम्हाला कळले ते कोर्दोबाहून परत आल्यावर.